शेजाऱ्यांनी हरणाचं मटण दिलंय. त्यात नक्की असतं काय?

मॅडिसनकर

मंडळी, फ्रीजरमध्ये साडेचार किलो हरीण पडलंय आणि मी डोक्याला हात लावून बसलेय.

इकडे विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणं मारायचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. त्या आठवड्यात पेट्रोल पंपावर निम्मी गर्दी भडक केशरी जॅकेटातली असते. आमच्या शेजारचे आजोबा सत्तरी उलटून गेली तरी दरवर्षी जातात. यंदा दोन मिळाली, त्यातला वाटा आमच्या दारात आला. पांढऱ्या कागदात घट्ट गुंडाळलेली सात पुडकी, वर काळ्या मार्करने लिहिलेलं: बॅकस्ट्रॅप, शोल्डर (म्हणजे फरा), ग्राउंड (म्हणजे खिमा), आणि तारीख. संपलं. ना कॅलरी, ना फॅट, काही नाही.

आता घरची परिस्थिती. लेक पंधराची, हिमोग्लोबिन १०.४. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, त्या ती पलंगाच्या फटीत टाकते हे मला गादी उचलल्यावर कळलं. नवऱ्याचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलेलं, म्हणून मटण महिन्यातून एकदाच. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात, त्या सगळं खातात, पण हे बघून "सीतेनं मागितलं होतं तेच का गं?" म्हणून हसत सुटल्यात.

तर या मटणात प्रोटीन, चरबी, लोह किती असतं? बोकडापेक्षा बरं की वाईट? नेटवर एक जण अमृत म्हणतो, दुसरा विष. जाणकारांनी लिहा. शिकार योग्य की अयोग्य यावर वेगळा धागा काढा, इथे नको, प्लीज.

कॅलरीकाकू

हरीण मी जन्मात शिजवलेलं नाही, पण पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे आकडे सांगू शकते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सारणीत हरणाची नोंद आहे. कच्चं, निव्वळ मांस, १०० ग्रॅम: १२० कॅलरी, जवळजवळ २३ ग्रॅम प्रोटीन, २.४ ग्रॅम चरबी, त्यातली संपृक्त चरबी एक ग्रॅमच्या आत. लोह ३.४ मिलिग्रॅम, जस्त २.१, बी-१२ सहा मायक्रोग्रॅमच्या वर. कोलेस्टेरॉल ८५ मिलिग्रॅम. कर्बोदकं नाहीत, तंतू नाहीत, सी जीवनसत्त्व नसल्यातच जमा.

आता याच्या शेजारी कोंबडीची छाती ठेव, साल काढलेली. तिच्याही कॅलरी १२०, प्रोटीन साडेबावीस, चरबी अडीचच्या आसपास. म्हणजे वजनकाट्याच्या दृष्टीने हरीण आणि चिकन ब्रेस्ट सख्खी भावंडं. फरक पडतो तो लोहात: कोंबडीच्या छातीत जेमतेम ०.४ मिलिग्रॅम, हरणात त्याच्या आठ-नऊ पट. मांसाचा तो गडद, जांभळट लाल रंग तू पाहिलाच असशील. तो मायोग्लोबिनचा, आणि मायोग्लोबिनमध्ये लोह असतं. दिवसभर पळणाऱ्या जनावराच्या स्नायूला प्राणवायू साठवून ठेवावा लागतो. खुराड्यातल्या कोंबडीला छाती फडफडवायची वेळच येत नाही.

निव्वळ_शाकाहारी

१०० ग्रॅम हरणात २३ ग्रॅम प्रोटीन. १०० ग्रॅम मुगात २४. हरणाला सोडा, मूग खा.

कॅलरीकाकू

ते कोरडे मूग, भाऊ. शिजवून मोजलेत तर १०० ग्रॅममध्ये सात. कोरडे चावून खाणार असाल तर दंतवैद्याचा नंबर देते.

पाटीलबुवा

कोंबडीशी कसली तुलना करताय? बोकडाचं सांगा की काकू.

कॅलरीकाकू

सांगते, आणि खरी गंमत इथेच आहे. त्याच सारणीत बोकड: १०९ कॅलरी, साडेवीस ग्रॅम प्रोटीन, चरबी २.३ ग्रॅम, लोह २.८. कोलेस्टेरॉल ५७, म्हणजे हरणापेक्षा कमीच. अमेरिकेत "हरीण किती हलकं" असा जो गवगवा होतो, तो तिकडच्या बीफ आणि मेंढीच्या मटणाशी तुलना करून. मेंढीच्या खिम्यात १०० ग्रॅमला वीस ग्रॅमच्या वर चरबी निघते. आपण मटण म्हणतो ते मुळात बोकडाचं, आणि बोकड अंगानं सडपातळ. त्यामुळे मराठी घरात हरीण आणून फार मोठी चरबी वाचली असं होत नाही.

फक्त एक लक्षात ठेवा, हे आकडे चरबी साफ केलेल्या मांसाचे. रविवारी आपण खाटकाला "थोडी चरबी राहू दे" म्हणतो आणि वर दोन पळ्या तेलाचा तवंग आणतो, ते मटण या सारणीत नाही.

जिमवाला_जोशी

माझ्या ॲपमध्ये हरणाचं प्रोटीन ३० दाखवतंय. काकू २३ म्हणतात. कोण खरं?

कॅलरीकाकू

दोन्ही खरं. ३० चा आकडा भाजलेल्या मांसाचा. भाजताना पाणी उडतं, प्रोटीन तिथेच राहतं. लोहाचंही बघा: कच्च्यात ३.४, भाजलेल्यात ४.४७. भागाकार करा, दोन्हीकडे ०.७६ येतं. म्हणजे १०० ग्रॅम कच्चं मांस शिजून साधारण ७६ ग्रॅम उरलं, एवढाच त्याचा अर्थ. जिमवाले कच्चं तोलतात आणि ॲपमध्ये शिजलेलं टाकतात, मग महिनाभर प्रोटीन फुगलेलं दिसतं आणि दंड काही फुगत नाहीत.

जिमवाला_जोशी

बरं बरं. मी कीटोवर आहे, हरीण चालेल?

कॅलरीकाकू

कीटोला चरबी लागते, इथे तीच नाही. निव्वळ कोरडं मांस खाऊन माणूस टिकत नाही. उत्तर ध्रुवाकडच्या मुलखात हिवाळ्यात ससेच ससे खाऊन राहणारी माणसं पोटभर जेवून खंगायची, त्याला तिकडे "सशाची उपासमार" असंच नाव आहे. म्हणूनच अमेरिकेतले मूळ रहिवासी वाळवलेलं मांस कुटून त्यात वितळवलेली चरबी घालायचे, पेमिकन म्हणतात त्याला. ते जोशींच्या ॲपमध्ये आहे का बघा.

एणाक्षी

अवांतर, पण अगदीच नाही. चरकाच्या सूत्रस्थानात पंचविसाव्या अध्यायात प्रत्येक गटातल्या सर्वात हितकर पदार्थांची यादी आहे. धान्यात तांबडा तांदूळ, कडधान्यात मूग, मिठात सैंधव, आणि मृगमांसात ऐणेय, म्हणजे एणाचं मांस. रानातल्या कोरड्या मुलखातल्या जनावरांचं ते "जांगल" मांस, पचायला हलकं असं वर्गीकरण. पाणथळ जागच्या प्राण्यांचं मांस जड. चरबीचे आकडे हाताशी नसताना केलेली ही विभागणी आजच्या सारणीशी बरीच जुळते, याचं मला कौतुक वाटतं.

आणि हो, शाकाहारी भाऊ, मूगही त्याच यादीत आहेत. भांडण मिटवा.

रानवाटा

एणाक्षीताई, एण म्हणजे बहुतेक जण काळवीट मानतात. काळवीट हे शास्त्राच्या हिशेबात हरीणच नव्हे. ज्यांची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात ती खरी हरणं: चितळ, सांबर, भेकर. काळवीट आणि चिंकारा यांची शिंगं पोकळ आणि कायमची, ती गाईगुरांच्या कुळातली. मराठीत आपण सगळ्यांनाच हरीण म्हणून मोकळे होतो.

मी गोंदियाकडचा. आमच्या आजोबांच्या पिढीत परवाना काढून शिकार व्हायची, सांबराच्या मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या चुलीवर टांगलेल्या असायच्या, असं घरात ऐकलंय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषय बंद. धागा वाचून इकडच्या कुणाला हुक्की यायला नको म्हणून लिहितो: भारतात रानातलं हरीण मारणंच नाही, तर त्याचं मांस जवळ बाळगणंही गुन्हा आहे. शिजवून रस्सा केला की पुरावा संपला, असं काहींना वाटतं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेची लॅकोन्स नावाची प्रयोगशाळा आहे, ती शिजलेल्या तुकड्यातल्या डीएनएवरूनही जनावर ओळखते. ढाब्यावर कोणी कानाशी येऊन "स्पेशल आहे" म्हणालं तर ताटावरून उठा.

अप्पा_सॅन_अँटोनियो

रानवाटा, मग आता ऐका. इकडे टेक्ससमध्ये हॉटेलच्या मेनूवर "ॲक्सिस" म्हणून मांस मिळतं. पहिल्यांदा मागवलं तेव्हा काहीतरी गणिती प्रकार असेल वाटलं. वेटरने मोबाईलवर फोटो दाखवला: अंगावर पांढरे ठिपके, तोंडावर भोळे भाव. अहो, चितळ! आपल्या ताडोबातलं चितळ! १९३२ च्या सुमारास इथे आणून सोडलं, आणि आता उदंड झालंय. हवाईत तर १८६८ मध्येच पोचलं, तिथल्या राजाला भेट म्हणून. तिथे ना वाघ, ना रानकुत्रे, त्यामुळे बेटांवरचं गवत आणि पिकं फस्त.

मजेची गोष्ट म्हणजे मॅडिसनकरांच्या शेजाऱ्यांनी दिलेलं पांढऱ्या शेपटीचं देशी हरीण अमेरिकेत विकता येत नाही. रानातलं मारलेलं, फक्त खा नाहीतर वाटा. चितळ इथलं नव्हे, म्हणून तपासणी होऊन रीतसर विकलं जातं. दुकानात जे साधं "व्हेनिसन" मिळतं ते बऱ्याचदा न्यूझीलंडच्या शेतावर पाळलेल्या तांबड्या हरणाचं असतं. काकूंच्या आकड्यांत पाळीव-रानटी फरक पडत असेल ना?

चवीचं विचाराल तर चितळाला वास जवळजवळ नाहीच. पहिला घास घेताना ताडोबाची सफारी आठवली आणि थोडं अपराधी वाटलं. दुसऱ्या घासाला नाही वाटलं.

सावंत_इन्व्हरनेस

फरक पडतो, आणि हंगामानेही पडतो. इकडे स्कॉटलंडमध्ये खाटकाकडे रानातलं हरीण सर्रास मिळतं. तांबड्या हरणाचे नर सप्टेंबर-ऑक्टोबरात माजावर येतात, तेव्हा खाणंपिणं सोडून नुसते ओरडत आणि झुंजत फिरतात. महिन्याभरात अंगावरची चरबी साफ उतरते, आणि मांसाला उग्र वास येतो. आमचा खाटूक त्या दिवसांतला नर घेतच नाही, मादी किंवा छोटं "रो" हरीण घ्या म्हणतो. त्यामुळे सारणीतला आकडा तो सरासरीचा. मक्याच्या शेतात चरून लठ्ठ झालेली विस्कॉन्सिनची मादी आणि डोंगरावर उपाशी झुंजलेला नर एका मापात बसायचे नाहीत.

कॅलरीकाकू

सावंतांना अनुमोदन. फक्त एक जोडते. ही चढउतार होणारी चरबी मुख्यतः कातडीखाली आणि आतड्यांभोवती असते, स्नायूच्या आत फार कमी. त्यामुळे साफ केलेल्या तुकड्यात तेवढा फरक दिसत नाही. "गवत खातं म्हणून ओमेगा-३ भरपूर" हेही नेटवर वाचाल. प्रमाण चांगलं असतं हे खरं, पण एकूण चरबीच अडीच ग्रॅम, त्यात ओमेगा तो किती असणार? त्यासाठी बांगडा खा.

आता लेकीच्या लोहाचं. मांसातलं लोह शरीरात १५ ते ३५ टक्के शोषलं जातं, पालेभाजी-कडधान्यातल्यापेक्षा भरवशाचं. शिवाय सोबतच्या भाकरी-डाळीतलं लोह शोषायलाही मांस मदत करतं. पण हिशेब कर: १५० ग्रॅम हरणात पाच मिलिग्रॅम लोह, त्यातलं अंगी लागणार फार तर पाऊण ते पावणेदोन. तिच्या एका गोळीत साठ-पासष्ट असतं. म्हणून हरीण सुरू झालं तरी गोळ्या बंद नाहीत, आणि गादी रोज उचलायची. जेवणावर चहा नको.

नवऱ्यासाठी: कोलेस्टेरॉलच्या ८५ ला घाबरू नका. एलडीएलवर ताटातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा परिणाम जास्त होतो, आणि ती इथे कमी आहे. २०१५ पासून अमेरिकेच्या आहारसूचनांतूनही दिवसाला ३०० ची मर्यादा काढून टाकलीय. पण वर तुपाची फोडणी दिलीत तर हा परिच्छेद रद्द.

गोळीगुटी

एवढा वेळ गप्प वाचत होतो. डॉक्टर आहे, नॉर्थ डकोटात काही वर्षं काढलीत. प्रोटीन-लोह ठीक आहे, पण जे कुठल्याच पोषणसारणीत लिहिलेलं नसतं त्याबद्दल कोणी बोललंच नाही.

पहिलं, शिसं. शिशाची गोळी हरणाच्या अंगात शिरली की फुटते आणि डोळ्याला न दिसणारे कण जखमेपासून वीतभर लांबपर्यंत पसरतात. २००८ मध्ये तिथल्या अन्नछत्रांना दान आलेल्या हरणाच्या खिम्याची एक्स-रे तपासणी झाली, तेव्हा पाकिटांत कण दिसले आणि ते मांस फेकून द्यावं लागलं. त्यानंतर ७३८ जणांचं रक्त तपासलं. शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसं थोडं जास्त निघालं, त्या वेळच्या धोक्याच्या रेषेपलीकडे मात्र कोणी नव्हतं. मोठ्या माणसासाठी घाबरण्यासारखं नाही, पण वाढत्या मुलांना आणि गरोदर बायकांना शिशाच्या गोळीने मारलेलं देऊ नये. खिमा सर्वात वाईट, कारण जखमेजवळचे बारकेसारके तुकडे त्यातच जातात. शेजाऱ्यांना विचारा, गोळी शिशाची की तांब्याची. अॅनिमिया असलेल्या मुलीला लोह द्यायला जाऊन शिसं द्यायचं का? लोह कमी असलं की शिसं उलट जास्त शोषलं जातं.

दुसरं, विस्कॉन्सिन म्हणालात म्हणून. तिकडे २००२ मध्ये हरणांचा तो खंगण्याचा रोग सापडला, सीडब्ल्यूडी. प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनाने होतो, कुकरच्या कितीही शिट्ट्या काढल्या तरी तो मरत नाही. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण तपासणीत दोष निघालेलं हरीण खाऊ नये असंच सांगितलं जातं.

तिसरं, काळीज (लिव्हर) आलं असेल तर विचार करून. कॅडमियम हा विषारी धातू तिथे साठतो. आणि मेन राज्यात फेअरफील्ड भागात पीएफएएस या सहजासहजी नष्ट न होणाऱ्या रसायनांमुळे २०२१ मध्ये हरीण खाऊच नका असं जाहीर करावं लागलं होतं. जनावर रानातलं म्हणजे शुद्ध, हे समीकरण डोक्यातून काढा. ते ज्या पाण्यावर जगतं ते पाणी आपलंच आहे.

नाशिकचा_नंदू

आमच्या तीर्थरूपांचं युरिक ॲसिड ८.१. अमेरिकेत भावाकडे निघालेत. हरीण?

गोळीगुटी

प्युरीन आहे त्यात, बाकी मटणासारखंच, आणि त्याचंच अंगात युरिक ॲसिड होतं. अंगठा दुखत असेल त्या आठवड्यात अजिबात नको. एरवी चार तुकडे. आणि भावाकडे बियर असेल, ती आधी लपवा.

मॅडिसनकर

बापरे, किती माहिती. गोळीगुटी, तुमचा प्रतिसाद वाचून सरळ कुंपणाशी गेले.

आजोबा अजिबात चिडले नाहीत, उलट खूश झाले. आत जाऊन गोळ्यांची डबी घेऊन आले: तांब्याच्या. नातवंडं झाल्यापासून शिसं सोडलं म्हणाले. तपासणीचंही केलंय. इथे रस्त्याकडेला पेट्या ठेवलेल्या असतात, त्यात हरणाचं मुंडकं पिशवीत घालून, चिठ्ठी लावून टाकायचं. (पत्रपेटीत मुंडकं. मी त्या पेटीवरून रोज गाडी नेते आणि मला वाटायचं जुन्या कपड्यांसाठी असेल.) मानेजवळच्या गाठी तपासतात. मग त्यांनी फोनवर निकाल दाखवला: दोन्हींत "आढळलं नाही".

आणि मग मी सहज विचारलं, हे ग्राउंड तुम्ही घरी करता का? तर म्हणे नाही, खाटकाकडे देतो, हरणाचा खिमा फार कोरडा पडतो म्हणून तो त्यात बीफची चरबी घालून देतो!

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. इंग्रजी कळत नाही म्हणतात, पण "बीफ" बरोबर कळलं.

पाटीलबुवा

अरारारा.

कॅलरीकाकू

हे मीच आधी सांगायला हवं होतं. सारणीत हरणाच्या खिम्याची वेगळी नोंद आहे, तिथे चरबी सात ग्रॅमच्या वर, निव्वळ मांसाच्या तिप्पट. खाटूक किती मिसळतो त्यावर ती आणखी वाढणार. म्हणजे एलडीएलवाल्यांसाठीही तो खिमा "हलका" राहिला नाही. सॉसेज आलं असेल तर तेही बघ, त्यात बहुतेक डुकराची चरबी असते.

मॅडिसनकर

खिम्याची तीन पुडकी साभार परत. आजोबांनी मनाला लावून घेतलं नाही, बदल्यात फऱ्याचं एक जास्तीचं दिलं. आता बॅकस्ट्रॅप आणि फरा कसा करू ते सांगा. कुकर?

पाटीलबुवा

बॅकस्ट्रॅप म्हणजे पाठीच्या कण्यालगतची लांब पट्टी. ती कुकरला घातलीत तर धागाच उडवायला सांगीन. वरचं पांढरं चिवट आवरण सुरीनं सोलून काढा, ते कितीबी शिजवलं तरी गळत नाही. बोटभर जाड चकत्या, आलं-लसूण, मीठ, लिंबू, अर्धा तास. तवा धूर येईस्तोवर तापवा, दोन्हीकडनं दोन-दोन मिनिटं, उतरवा. आत चरबी नाही, त्यामुळं जास्त ठेवलं की चप्पल.

फऱ्याला कुकर चालंल. आधी चरबी दिसंल तेवढी खरडून काढा, एक चिमूट ठेवू नका. बोकडाची चरबी चवीची, हरणाची मेणासारखी, गार झाली की टाळ्याला चिकटून बसते. उग्र वास बराचसा तिच्यातच. मग रातभर दह्यात. सकाळी कांदा-खोबरं भाजून वाटण, कांदा-लसूण चटणी, आणि पाणी बेताचं. आम्ही बोकडाला चार शिट्ट्या काढतो, याला सहा-सात. तेलाचा हात थोडा सैल सोडा, अंगचं तेल त्याला सुटत नाही.

गोळीगुटी

चकत्या आतून गुलाबी ठेवणार असाल तर लेकीला जरा जास्त शिजवून द्या. हरणात टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी असू शकतो. घरात कोणी गरोदर असेल तर गुलाबी अजिबात नाही.

मॅडिसनकर

रविवारचा वृत्तांत.

फऱ्याचं सुकं केलं, बुवांच्या पद्धतीने, सात शिट्ट्या. चरबी खरडताना बोटांना अक्षरशः मेणबत्ती लागल्यासारखं झालं, गरम पाण्याने तीनदा हात धुवावे लागले. वास आला तो कुकर उघडताना, थोडा काळजाच्या जवळचा, मग वाटणात मुरला. रंग मात्र काळसर राहिला. मसाला जळला की काय म्हणून नवऱ्याने दोनदा वाकून पाहिलं.

लेकीने तीन भाकऱ्यांबरोबर खाल्लं. गोळी माझ्यासमोर घेतली, जीभ बाहेर काढून दाखवली. सासूबाईंनी पहिला तुकडा चावला, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "बोकडासारखंच आहे की. एवढ्यासाठी रामाला धाडलंन होय!"

एक वाटी कुंपणापलीकडे दिली. आजोबा अर्ध्या तासात रिकामी वाटी घेऊन हजर. पन्नास वर्षं हरीण खातोय, असं कधी खाल्लं नाही म्हणाले. रेसिपी लिहून मागताहेत. कांदा-लसूण चटणीला इंग्रजीत काय सांगू?

पाटीलबुवा

काही सांगू नका. वाटी भरून देत जा. फुडच्या साली सात पुडक्यांची चौदा होतील, आणि खिमा येणार नाही.